फुकट का राबतात ही माणसं?

मागच्या अंकात ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे काय ते लिहिलं होतं: ज्याचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि पुढे वाटता येतो असं सॉफ्टवेअर. त्यावर बरीच पत्रं आली. सॉफ्टवेअरबद्दल विचारणारी त्यात थोडीच, बाकी सगळ्यांचं कुतूहल माणसांबद्दलचं. म्हणून हे सदर या वेळी त्यांच्यासाठी. पत्रं थोडक्यात आणि नावं गाळून देत आहे.

माझा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून कुठल्याशा परदेशी प्रोग्रॅमसाठी काम करतो. पैसे मिळतात का विचारलं तर नुसता हसतो. त्याला कुणी राबवून तर घेत नाही ना? आणि पैसे नसताना ही मुलं हे करतात तरी कशासाठी?
— एक आई, जळगाव

ताई, राबवून घेण्याची शंका आधी मिटवू. त्या प्रोग्रॅमचा परवाना कोणता, एवढंच त्याला विचारा. जीपीएल, एमआयटी, अपाची अशा एखाद्या ओपन सोर्स परवान्याचं नाव त्याने सांगितलं आणि स्वतः केलेला बदल तुम्हाला फोनवर उघडून दाखवला, की निर्धास्त व्हा. ते काम त्याच्या नावावर, तारखेसकट, जगाला दिसेल असं नोंदलेलं असतं. मात्र ‘इंटर्नशिप’ म्हणत काम करून घेणारी आणि कोड कुलुपात ठेवणारी एखादी कंपनी निघाली, तर तुमची शंका खरी. ती शुद्ध वेठबिगारी.

रात्री दोनचं म्हणाल, तर त्याचं काम तपासणारी माणसं युरोप-अमेरिकेत असणार. आपली मध्यरात्र म्हणजे त्यांची संध्याकाळ नाहीतर दुपार. तिकडून उत्तर आलं की लगेच दुरुस्ती करून परत पाठवायचा मोह आवरत नाही. माझाही आवरत नाही, आणि माझी पन्नाशी उलटली आहे.

आता कशासाठी ते. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर व्हीएलसी असेल, नारिंगी-पांढऱ्या शंकूचं चिन्ह असलेला, सिनेमे बघायचा प्रोग्रॅम. त्याची सुरुवात १९९६ साली पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात झाली. तिथलं नेटवर्क इतकं संथ होतं, की पोरांना एकमेकांशी गेम खेळता येईनात. नवं नेटवर्क हवं तर त्याला भारदस्त कारण हवं, म्हणून उपग्रहावरून येणारा टीव्ही नेटवर्कवरून खोल्याखोल्यांत पोचवायचा प्रकल्प त्यांनी काढला. २००१ साली तो जीपीएल परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला झाला. जाहिराती घुसवून पैसे करायला आलेल्यांना त्याच्या प्रमुखाने सरळ नकार दिला, आणि आज जळगावातही तो बिनजाहिरातीचा चालतो. लिनक्सचंही तसंच. हेलसिंकीतला एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने नवा ३८६ कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावरून त्याला विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला फोनलाइनने जोडून घ्यायचं होतं. त्या खटपटीतून ते वाढत गेलं. २५ ऑगस्ट १९९१ला त्याने जगाला कळवलं, की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, नुसता छंद आहे, काही मोठं होणार नाही. आज तुमच्या मुलाच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच छंद बसलेला आहे.

म्हणजे सुरुवात स्वतःच्या गरजेपासून होते. माझीही तशीच झाली. माझ्या सासऱ्यांचा साताऱ्यात छापखाना होता. तो बंद झाला तेव्हा त्यांच्या कॉम्प्युटरवर गावोगावचे जत्रा-विशेषांक, शाळांची वार्षिकं, पतसंस्थांचे अहवाल असा ढीग होता, सगळा युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फाँटांत. त्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची. फाँट काढला की पानभर इंग्रजी कचरा. तो मजकूर युनिकोडमध्ये आणायला मी एक छोटं कन्व्हर्टर लिहिलं आणि कुणाला लागलंच तर असावं म्हणून खुलं करून टाकलं. लोक काय म्हणतील याचा विचारसुद्धा केला नव्हता.

गरज भागल्यावरही माणूस यात का टिकून राहतो, हा खरा प्रश्न. करीम लखानी आणि रॉबर्ट वुल्फ यांनी २८७ प्रकल्पांतल्या ६८४ जणांना विचारून केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. एकापेक्षा जास्त कारणं सांगायची मुभा होती. डोक्याला खाद्य मिळतं म्हणून करतो, असं जवळपास ४५ टक्के म्हणाले. कौशल्य वाढतं म्हणून, असं ४१ टक्के. या वर्तुळात आपलं नाव व्हावं म्हणून करतो, असं कबूल करणारे फक्त ११ टक्के. (नावाची हाव तोंडाने कबूल करणं जरा अवघडच, तेव्हा हा शेवटचा आकडा मी थोडा वाढवूनच वाचते.) आणि एक गोष्ट लोक सहसा सांगत नाहीत: त्या ६८४ जणांतल्या सुमारे ४० टक्के लोकांना या कामाचे पैसे कुठून ना कुठून मिळत होते. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, तर २०१७च्या अहवालानुसार बिनपगारी लोकांचं काम जेमतेम ८ टक्के होतं. बाकीचे बहुतेक कंपन्यांचे पगारी लोक. तेव्हा सगळेच संत नाहीत, आणि सगळे फुकटही नाहीत.

आणखी एक कारण नोकरीचं, आणि अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. तालमीत कितीही घाम गाळा, जत्रेच्या फडात कुस्ती लागली की मगच पंचक्रोशीला पैलवान कळतो. कंपनीच्या बंद दाराआड लिहिलेला चांगला कोड दुसऱ्या कंपनीला दिसत नाही, ओपन सोर्समधला दिसतो. गूगलचा समर ऑफ कोड हा उपक्रम २००५पासून चालू आहे. त्यात निवडलेल्यांना ओपन सोर्स प्रकल्पावर काम करायला मानधन मिळतं आणि गेली कित्येक वर्षं त्यात सर्वाधिक मुलं भारतातली असतात. तुमचा मुलगा हसतो त्यामागे हा हिशेबही असू शकतो. त्यात वावगं काही नाही.

पण माझ्या कन्व्हर्टरपुरतं सांगते. मी त्यात अजून का अडकले आहे, तर गडहिंग्लजच्या एका डीटीपी ऑपरेटरमुळे. त्यांना प्रोग्रॅमिंगचा गंध नाही. त्यांनी एक दिवस एका जुन्या फाँटचा सगळा तक्ता, कुठल्या कीवर कुठलं जोडाक्षर, हाताने कागदावर उतरवून फोटो काढून पाठवला. मी तो त्याच आठवड्यात घातला आणि यादीत त्यांचं नाव टाकलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या फाँटचा तक्ता आला. मग तिसऱ्याचा. माझी गरज कधीच संपली होती. सासऱ्यांच्या फाइली केव्हाच उघडल्या होत्या. पण कुणीतरी पलीकडे बसून नीट काम करून पाठवतंय म्हटल्यावर मला बंद करवेना, आणि मी घेतेय म्हटल्यावर त्यांना थांबवेना. तुमच्या मुलाच्या रात्रींचंही बहुधा असंच आहे. त्याच्या कामाला कोण उत्तर देतं, ते त्याला विचारून बघा. पैशांपेक्षा त्या माणसाबद्दल तो जास्त बोलेल. परीक्षेच्या आठवड्यात मात्र खुशाल वायफाय बंद करा.

मी एका मोठ्या प्रकल्पाला माझा पहिला पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, पाठवला. तीन आठवडे झाले, हो नाही की नाही नाही. आपल्यासारख्यांना तिथे कोण विचारतंय असं वाटायला लागलंय. सोडून देऊ का?
— एक विद्यार्थिनी, इस्लामपूर

तुझी काही चूक नाही हे आधी ऐकून घे. मोझिला या फायरफॉक्सवाल्या संस्थेने आपल्याकडे येणाऱ्या नवख्यांचा हिशेब मांडला होता. पहिल्या कामाचा रिव्ह्यू, म्हणजे तपासून दिलेला अभिप्राय, ज्यांना ४८ तासांत मिळाला, त्यांच्यातले कितीतरी जण परत आले, टिकले. ज्यांना सात दिवसांपेक्षा जास्त थांबावं लागलं, ते जवळजवळ कुणीच परत आले नाहीत. कोड तोच, हुशारी तीच, फरक फक्त उत्तर कधी आलं याचा. म्हणजे तुझ्या मनात जे चाललंय ते सगळ्यांच्या मनात चालतं. पोर्टलंडच्या पोराच्याही आणि इस्लामपूरच्या पोरीच्याही.

आता काय करायचं ते सांगते. त्या प्रकल्पात गेल्या महिन्याभरात कुणाचे पॅच स्वीकारले गेलेत का ते बघ. काहीच हललेलं नसेल तर तिथे माणूसच नाही, दुसरं घर गाठ. हालचाल असेल तर त्याच धाग्यात एक ओळ लिही: यात मी आणखी काही करायला हवं का? ‘सर, प्लीज’ नको, माफी नको, आणि पाच जणांना टॅग तर मुळीच नको. पॅच मोठा असेल तर फोड. चाळीस ओळींचा बदल कुणीही चहा पिता पिता वाचतं. चारशे ओळींचा ‘रविवारी बघू’ म्हणून बाजूला पडतो आणि तो रविवार येत नाही. मी दोन्ही बाजूंना बसलेली आहे, म्हणून खात्रीने सांगते.

उत्तर आलं आणि ते खरमरीत निघालं, तर? काही प्रकल्पांत तशी रीतच होती. खुद्द टोरवाल्ड्स वर्षानुवर्षं लोकांना मेलवर जाहीर फाडून खायचा. सप्टेंबर २०१८मध्ये त्याने त्याबद्दल सगळ्यांची माफी मागितली, काही आठवडे कामातून सुट्टी घेतली आणि त्याच सुमारास कर्नलने वागणुकीचे नवे नियम स्वीकारले. ‘कडक बोलल्याशिवाय दर्जा राहत नाही’ असं म्हणणारे आपल्याकडेही खूप आहेत. मला ते पटत नाही. कोडवर कितीही कडक बोला. माणसावर घसरलात की पुढच्या वेळी तो माणूस आपला शनिवार दुसऱ्या कुणाला तरी देतो.

आणि प्रकल्प निवडताना त्याची कीर्ती बघू नकोस, तू रोज काय वापरतेस ते बघ. वापरणाऱ्याला कुठे खुपतंय ते आपोआप कळतं. नवख्यांसाठी सोपी कामं वेगळी खूण करून ठेवलेली असतात, तिथून सुरुवात कर. मुंबईत वाढलेलं ईआरपीनेक्स्ट आहे, हिशेब आणि साठा सांभाळणारं. तुझ्या घरी दुकान किंवा कारखाना असेल तर त्यातल्या अडचणी तुला परदेशी माणसापेक्षा लवकर दिसतील.

मी बँकेतून निवृत्त झालो. एवढ्या महत्त्वाच्या सॉफ्टवेअरचं काम स्वयंसेवकांच्या मर्जीवर सोडणं मला धोक्याचं वाटतं. सरळ मानधन द्यावं, काम वेळेत होईल. यात अडचण काय आहे?
— एक वाचक, डोंबिवली

अडचण अशी, की हे करून बघितलं गेलं आहे. डेबियन हा १९९३पासून चालू असलेला, लिनक्सवरची एक पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम तयार करणारा, जगभरच्या स्वयंसेवकांनी उभा केलेला प्रकल्प. २०२३ साली त्यांचं वार्षिक संमेलन कोचीत भरलं होतं. २००६ साली त्यांची नवी आवृत्ती डिसेंबरात येणार होती आणि रखडण्याची चिन्हं होती. तेव्हा काही जणांनी प्रकल्पाच्या बाहेरून पैसे उभे केले आणि आवृत्ती बाहेर काढायची जबाबदारी असलेल्या दोघांना महिना-महिना पूर्ण वेळ काम करायला मानधन द्यायचं ठरवलं. तुमच्या-माझ्या हिशेबाने उत्तम. पण बाकीचे बिथरले. हे दोघं पगारी आणि आम्ही कोण? इतकी वर्षं आम्हीही तेच करत होतो ना? काहींनी जाहीर निषेध केला, काहींनी हात आखडता घेतला. डिसेंबर उलटला. आवृत्ती आली ८ एप्रिल २००७ला. आता उशिराची कारणं आणखीही होती आणि सगळा दोष मानधनावर टाकणं बरोबर नाही, पण पैसे टाकले की वेळ विकत मिळते हा समज तिथे फुटला.

इस्रायलमधल्या हैफा शहरातला एक प्रयोग तर तुमच्या बँकेच्या अनुभवाशी ताडून बघा. पाळणाघरातून मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, जवळपास दुप्पट झाला. पूर्वी बाईंना ताटकळत ठेवायची लाज वाटायची. आता पैसे भरले की फिटलं. दंड काढून टाकल्यावरही उशीर पहिल्या पातळीवर आला नाही. स्वयंसेवकाच्या कामात पैसा असाच शिरतो. तो नुसता वरून पडत नाही, आधीचं कारण विस्थापित करतो.

तरीही तुमची काळजी अस्थानी नाही. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं. इंटरनेटवरच्या बँकांचे, दुकानांचे व्यवहार गुप्त ठेवणारा हा कोड, आणि त्याला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या होत्या जेमतेम २,००० डॉलर. त्यावर अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्या एकदम जाग्या झाल्या आणि महिनाभराच्या आत लिनक्स फाउंडेशनच्या मार्फत निधी उभा राहिला. आपल्याकडे बंगळुरूच्या झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीने ऑक्टोबर २०२४मध्ये फ्लॉस फंड सुरू केला, वर्षाला १० लाख डॉलरचा, कुठल्याही देशातल्या ओपन सोर्स प्रकल्पांसाठी.

मग पैसा द्यावा की नाही? माझं मत असं आहे, आणि ते मतच आहे: जे काम कुणालाच आवडीने करावंसं वाटत नाही, त्याला पैसे द्यावेत. सुरक्षा-तपासणी, सर्व्हरचं भाडं, जुन्या आवृत्त्यांची डागडुजी, हिशेब, वकील. आणि द्यायचे तर कुणाला, किती, कशासाठी, हे सगळ्यांना आधी विचारून, उघड. डेबियनचं बिनसलं ते रकमेवरून कमी आणि आपल्याला न विचारता ठरलं यावरून जास्त, असं मला तेव्हाची भांडणं वाचून वाटलं होतं.

आम्ही येत्या सत्रापासून प्रत्येक विद्यार्थ्याला ओपन सोर्स प्रकल्पांत चार योगदानं सक्तीची करणार आहोत, अंतर्गत गुणांसाठी. आपला अभिप्राय कळवावा.
— विभागप्रमुख, एक अभियांत्रिकी महाविद्यालय, अहिल्यानगर जिल्हा

सर, कृपया करू नका.

लोकांनी ओपन सोर्सला हातभार लावावा म्हणून हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम २०१४पासून दर ऑक्टोबरात चालतो. २०२० साली नियम होता: चार पुल रिक्वेस्ट (‘माझा हा बदल घ्या’ अशा विनंत्या) पाठवा, पहिल्या ७० हजारांना टी-शर्ट. झालं असं, की हजारो लोकांनी अनोळखी प्रकल्पांच्या माहितीपानांत ‘अमेझिंग’ वगैरे एखादा शब्द घुसवून पुल रिक्वेस्टचा पाऊस पाडला. त्यात आपल्या देशातली मुलं मोठ्या संख्येने होती, हे सांगताना बरं वाटत नाही. ते सगळं उपसत बसले कोण? ते प्रकल्प सांभाळणारे बिनपगारी मेंटेनर. ३ ऑक्टोबरलाच आयोजकांना नियम बदलावा लागला, की ज्या प्रकल्पाने स्वतःहून होकार दिला असेल तिथलीच कामं धरली जातील. २०२३ साली टी-शर्टही बंद केले. हे एका टी-शर्टासाठी झालं. तुम्ही तर गुण देताय.

तुमचा हेतू चांगला आहे, म्हणून पर्याय सुचवते. सक्ती वाचनाची करा. प्रत्येकाने एक प्रकल्प निवडावा, त्यातला एक मिटलेला बग, म्हणजे दुरुस्त झालेली चूक, घ्यावा आणि तो कसा सापडला, कुणी कुणाशी काय वाद घातला, शेवटी काय बदललं हे वर्गात उभं राहून सांगावं. गुण त्याला द्या. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात लिनक्सपासून सायलॅबपर्यंतचे धडे आहेत, मराठीतूनही. प्रयोगशाळेत ते लावा. आणि कॉलेजची हजेरी, ग्रंथालय, बसचं वेळापत्रक यांसाठी एखादं सॉफ्टवेअर मुलांनीच उघड्यावर लिहू द्या. त्यात बाहेरच्याचा वेळ जात नाही, आणि बस चुकली की कोड कुणाचा ते लगेच कळतं. चाळीसांतली चार मुलं मग स्वतःहून बाहेरच्या प्रकल्पांत जातील. तेवढी पुष्कळ झाली.

गेली बरीच वर्षं मी एक छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना आयता वापरता येणारा कोड) एकटा सांभाळतो. मोठमोठ्या कंपन्या ती वापरतात. हल्ली मेल उघडायची भीती वाटते. ‘हे कधी होणार’, ‘तुम्ही झोपलात का’ असली भाषा. एकाने मदत करतो म्हटलंय. चाव्या त्याच्या हातात देऊन मोकळा होऊ का?
— एक मराठी अभियंता, श्टुटगार्ट

एक्सझेडची गोष्ट तुम्हाला माहीत असणार, पण इतर वाचकांसाठी सांगते. फाइली दाबून लहान करणारं हे साधन जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. फिनलंडचा लासे कॉलिन ते एकटा सांभाळायचा. २०२२ साली त्याने जाहीर मेलवर लिहिलं, की मानसिक आरोग्याच्या जुन्या त्रासामुळे मला फार करता येत नाही आणि हा माझा बिनपगारी छंद आहे. त्याच सुमारास काही अनोळखी नावं त्याच्या मागे लागली होती: काम होत नाही, तुम्हाला रस उरला नाही, दुसऱ्या कुणाला द्या. आणि जिया टान या नावाने एक गुणी मदतनीस शांतपणे चांगले पॅच पाठवत होता. कॉलिनने हळूहळू त्याला अधिकार दिले. २०२४च्या फेब्रुवारीत आलेल्या आवृत्तीत त्या मदतनिसाने चोरदरवाजा बसवला होता. मार्चअखेर अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरला आपल्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला आणि तो त्याच्या मागे लागला, म्हणून जग वाचलं. मागे लागणारी ती नावंही बनावट असावीत, असा आज बहुतेकांचा संशय आहे.

तुम्हाला मदत करतो म्हणणारा तसाच आहे असं मी म्हणत नाही; बहुतेक मदतनीस सरळ असतात. माझं बोट त्या तगादा लावणाऱ्यांकडे आहे. थकलेल्या माणसाला आणखी थकवणं हा हल्ल्याचा भाग असू शकतो, एवढं त्या प्रकरणाने शिकवलं. म्हणून थकलेल्या अवस्थेत चाव्या देऊ नका. आधी थांबा. पहिल्या पानावर लिहा: पुढचे तीन महिने फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या होतील, बाकीच्या मेलना उत्तर मिळणार नाही. आभाळ कोसळत नाही. मग त्या मदतनिसाला रिव्ह्यू करायला लावा, पॅच लिहायला नव्हे; दुसऱ्याचं काम तो कसं वाचतो यावरून माणूस जास्त कळतो. नवी आवृत्ती प्रसिद्ध करायचा अधिकार सगळ्यात शेवटी. आणि वापरणाऱ्या कंपन्यांना नाव घेऊन पत्र लिहा, की आठवड्यातला एक दिवस तुमचा माणूस द्या नाहीतर पैसे द्या. आपल्याला मागायची लाज वाटते. त्यांना वापरायची वाटली नव्हती.

आणि साफ बंद करावंसं वाटलं, तर बंद करा. ‘हा प्रकल्प आता सांभाळला जात नाही’ असं लिहायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कोड खुला आहे, ज्याला हवा तो पुढे नेईल.

मी शाळेत मराठी शिकवते. प्रोग्रॅमिंग मला येत नाही आणि या वयात शिकायची इच्छाही नाही. तरी माझ्यासारखीला यात काही करता येईल का?
— एक शिक्षिका, मडगाव

बाई, तुमच्यासारख्यांचीच टंचाई आहे. लिबरऑफिस (पत्रं, तक्ते करायचं सॉफ्टवेअर) आणि फायरफॉक्स ही दोन्ही मराठीत मिळतात ती कुणीतरी बसून एकेक ओळ मराठीत लिहिली म्हणून. लिबरऑफिसचं भाषांतर वेबलेट या वेबसाइटवर चालतं आणि मोझिलाचं पोंटूनवर. दोन्हीकडे ब्राउझरमध्येच एका बाजूला मूळ ओळ आणि दुसऱ्या बाजूला रिकामी चौकट असते. तिथलं मराठी वाचून तुमचा हात लाल पेनाकडे जाईल, आणि तोच हात हवा आहे. लिहायचा कंटाळा असेल तर मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी वाक्यं मोठ्याने वाचून आवाज द्या. संगणकाला मराठी ऐकू यायला पुण्या-मुंबईचेच नाही, सगळीकडचे आवाज हवेत, गोव्याचेही. एक सूचना मात्र आधीच देते: भाषांतराच्या गटात तुमच्या आधीपासून काही जण असतील, त्यांनी शब्द ठरवलेले असतील. पहिल्याच दिवशी ‘फाइल’ची ‘संचिका’ करायला जाऊ नका. आधी त्यांचं थोडं वाचा, मग भांडा.

आणि मला विचारलंत तर माझ्या कन्व्हर्टरलाच तुमची मदत हवी आहे. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर नोंदवतात. ती हलवताना जोडाक्षरांत अजून घोळ होतात. रफाराचंही तसंच. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्यांना’ यांतला ऱ्य काही फाँटांतून धड येत नाही, आणि शेतकऱ्यांचा ‘शेतकर्‍या’ की ‘शेतकर्या’ हे प्रोग्रॅमला आपणहून कळत नाही. हे पकडायला कोड कळावा लागत नाही, शुद्धलेखन कळावं लागतं.

तुमच्या शाळेत जुन्या वार्षिकांच्या फाइली पडल्या असतीलच. त्यातली एखादी कन्व्हर्टरमधून काढा आणि शांतपणे वाचा. चूक दिसेल ती ओळ, आणि फाँटचं नाव, एवढंच कळवा. प्रिंट काढून लाल पेनाने खुणा केल्यात आणि त्याचा फोटो पाठवलात तरी चालेल. आमच्याकडे ती पद्धत रुळलेली आहे. शक्यतो शनिवारपर्यंत पाठवा, म्हणजे मला रविवारी बघता येईल.